दात्याच्या पेशी रक्तात आढळल्या म्हणजे औषध थांबवावे का?

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. यकृत प्रत्यारोपणानंतर काही मुलांची औषधे पूर्ण बंद झाली, आतडे मिळालेल्या मुलांच्या रक्तात दात्याच्या पेशी टिकतात हे तर मीच लिहिले, आणि तरीही टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालूच ठेवा असे सांगून मी पालकांना उगाच घाबरवतो, असा आपला आक्षेप आहे.

यकृताबद्दलचे आपले म्हणणे खरे आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, आई किंवा वडिलांच्या यकृताचा भाग मिळालेल्या २० मुलांची औषधे टप्प्याटप्प्याने कमी केली गेली आणि त्यांपैकी १२ मुले वर्षभर तरी औषधांशिवाय ठणठणीत राहिली. मात्र ही मुले पारखून निवडलेली होती, आणि मुळात यकृत सोशिक अवयव आहे. आतडे तसे नाही; त्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचा मोठा साठा असतो आणि आत असंख्य जंतू असतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणे, तीव्र झाले की अस्तर गळून पडते, जंतू रक्तात शिरतात आणि कधी कधी मुलाचा जीव वाचवण्यासाठी नवे आतडेच काढून टाकावे लागते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मेगन साइक्स यांच्या गटाने दाखवून दिले, की दात्याच्या आतड्याबरोबर आलेल्या टी-पेशी (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) रुग्णाच्या पेशींवर चाल करून अस्थिमज्जेत जागा मोकळी करतात, आणि ज्यांच्या रक्तात दात्याच्या टी-पेशींचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत किंवा त्यापुढे गेले त्यांच्यात रिजेक्शन कमी आढळले. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते. पण ते रुग्ण औषधांवरच होते, आणि याच पेशी अनावर झाल्या तर त्या मुलाच्या त्वचेवर आणि मज्जेवर उलटतात.

टॅक्रोलिमसमुळे मूत्रपिंडे झिजतात, एपस्टाइन-बार विषाणूमुळे लसिका ग्रंथींचा विकार होण्याची भीती वाढते, म्हणून डोस शक्य तितका कमी असावा ही आपली तळमळ मला मनापासून पटते. तो कमी करण्याची वाट मात्र बायोप्सीतूनच जाते. पोटावरच्या स्टोमातून (आतड्याचे टोक बाहेर काढून केलेल्या तोंडातून) दुर्बीण घालून अस्तराचे तुकडे घेतात आणि दहा क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांमध्ये) मरणाऱ्या पेशी किती हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. सहापेक्षा जास्त दिसल्या, तर रिजेक्शनची शंका बळावते. या तपासणीची जागा घेईल अशी रक्तचाचणी अजून नाही.

घरी दिसणारी खूण असते ती स्टोमातून अचानक जास्त पाणी जाण्याची, आणि ती साध्या जुलाबांसारखीच दिसते. त्यात जुलाबांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी उलट वाढू शकते. त्यामुळे अशा वेळी पालकांनी डोस स्वतः बदलू नये आणि त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा, या माझ्या सूचनेवर मी ठाम आहे.