किल्ली आहे म्हणून ९५३ पोर्ट सगळ्यांना उघडं ठेवायचं का?

नमस्कार.

बाइंड या नेम सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला, कमांड देणाऱ्या आरएनडीसी या साधनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून परखडपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बाइंडचा कंट्रोल चॅनेल, म्हणजे ९५३ पोर्टवरून कमांड घेण्याची वाट, फक्त १२७.०.०.१ वर (त्याच मशीनपुरता) ठेवा, हा माझा आग्रह तुम्हाला जुनाट वाटतो. एचमॅक-शा२५६ची (कमांडवर सही करायच्या पद्धतीची) गुप्त किल्ली असेल तर पोर्ट कुठूनही उघडं असलं तरी बिघडत नाही, असं तुम्ही म्हणता. पावसात गाड्या बंद पडल्या की ऐरोलीच्या ऑफिसात पोचता येत नाही, तेव्हा घरून थेट आरएनडीसी चालवता यायला हवं. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सर्व्हिस रीस्टार्ट केलेली काय वाईट, हाही तुमचा प्रश्न आहे. सोबत तुम्ही एररच्या दोन ओळी आणि एक कॉन्फिग फाइल चिकटवली आहे.

पावसाचा मुद्दा अगदी खरा. मेन लाइन तुंबली की ठाण्याहून ऐरोलीला जाणारी ट्रान्स-हार्बर लाइन चालू असून उपयोग नसतो, कारण माणूस मुळात ठाणे स्टेशनापर्यंतच पोचत नाही. वागळे इस्टेटमध्ये आमचीही हीच गत होते. म्हणजे घरून काम करता यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी आरएनडीसी इंटरनेटवर मोकळं सोडणं हा उपाय नव्हे. आरएनडीसीने बाइंड थांबवता येतं, सुरू करता येत नाही. सर्व्हर एकदा बंद पडला की ९५३ वर ऐकणारंच कोणी उरत नाही, आणि तुम्हाला एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करून) आत जावंच लागतं. मग एसएसएच किंवा व्हीपीएन असताना आरएनडीसी त्याच मशीनवर आतून का चालवू नये?

आता किल्लीबद्दल. आरएनडीसी प्रत्येक कमांडवर गुप्त किल्लीने सही करतं, बाइंड ती तपासतं, आणि जुळली नाही तर कमांड पाळत नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण सही तपासण्याआधी बाइंडला समोरून आलेला मजकूर वाचून उलगडावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये बाइंड बनवणाऱ्या आयएससीने जाहीर केलेली सीव्हीई-२०२३-३३४१ ही त्रुटी नेमकी तिथली. मुद्दाम रचलेला मेसेज उलगडताना स्टॅक (प्रोग्रॅमची कामापुरती मेमरी) संपायचा आणि नेम सर्व्हर कोसळायचा. हल्ला करणाऱ्याकडे किल्ली असण्याची गरजच नव्हती, पोर्टपर्यंत पोचता आलं की पुरे. २०१६ मध्येही कंट्रोल चॅनेलच्या मेसेज वाचण्यातच अशी एक चूक सापडली होती. दोन्ही केव्हाच दुरुस्त झाल्या आहेत, पण तिसरी सापडेल तेव्हा आपलं पोर्ट जगाला दिसत नसलेलं बरं.

शिवाय सही म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. कमांड आणि तिचं उत्तर वाटेत कोणालाही वाचता येतं. आणि ज्याच्या हाती किल्ली, त्याला स्टेटस बघण्यापासून स्टॉपपर्यंत सगळं खुलं. अधिकार कमी करायचे तर बाइंड ९.११ पासून कॉन्फिगच्या कंट्रोल्स ब्लॉकमध्ये (कमांड कोणाकडून घ्यायच्या ते ठरवणाऱ्या भागात) ‘रीड-ओन्ली येस’ लिहिता येतं. मॉनिटरिंगसाठी ते जरूर वापरा.

एकाच मशीनवरून दोन-तीन सर्व्हर सांभाळायचे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा कंट्रोल्समधल्या इनेटमध्ये (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं) सर्व्हरचा आतल्या नेटवर्कचा पत्ता द्या, अलाऊमध्ये (कोणाचं ऐकायचं) फक्त त्या एका मशीनचा आयपी, प्रत्येक सर्व्हरला वेगळी किल्ली, आणि फायरवॉलमध्येही तोच नियम. तुमच्या फाइलीत तारांकन आणि ‘एनी’ आहे, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर कोणाचंही ऐकायचं, ते मात्र आजच काढा.

तुम्हाला आलेल्या एररचं उत्तर तुम्ही चिकटवलेल्या पहिल्याच ओळीत आहे. दुसरी ओळ, ‘कनेक्शन टू रिमोट होस्ट क्लोज्ड’वाली, फारशी उपयोगी नाही, जुना प्रोटोकॉल, परवानगी नसणं, घड्याळं न जुळणं, चुकीचा अल्गोरिदम, चुकीची किल्ली अशी सगळी कारणं ती एका दमात सांगते. पहिली ओळ म्हणते की ‘आरएनडीसी डॉट की’ फाइल आहे, पण वापरतोय ‘आरएनडीसी डॉट कॉन्फ’. तुमच्याकडे दोन किल्ल्या झाल्या आहेत. आरएनडीसी हातात घेतंय कॉन्फमधली, आणि त्या सर्व्हरवर कंट्रोल्सचा ब्लॉकच नसेल किंवा त्यात दुसरी किल्ली असेल, तर बाइंड धरून बसलंय भलतीच. एकाच मशीनपुरतं काम असेल तर कॉन्फ फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि कंट्रोल्स ब्लॉक काढून टाका. ब्लॉक नसला की बाइंड आपणहून फक्त लोकलहोस्टवर ऐकतं आणि ‘आरएनडीसी डॉट की’ वाचतं.

‘आरएनडीसी-कॉन्फजेन’ने नवी किल्ली बनवलीत तर एक लक्षात ठेवा. चालू असलेल्या बाइंडच्या मेमरीत जुनीच किल्ली असते, त्यामुळे लगेच दिलेली ‘आरएनडीसी रीकॉन्फिग’ (कॉन्फिग पुन्हा वाचायची कमांड) नाकारली जाते. तेव्हा बाइंडच्या प्रोसेसला थेट एचयूपी सिग्नल (फाइली पुन्हा वाच, असा इशारा) द्यावा लागतो. किल्लीची फाइल बाइंडच्या युजरला वाचता येतेय ना, तेही बघून घ्या.

राहिला रीस्टार्टचा प्रश्न. रिझॉल्व्हर (इतरांसाठी नावं शोधून देणारा सर्व्हर) रीस्टार्ट केला की साठवलेली सगळी कॅश जाते, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाची नावं पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागतात. एक झोन (एका डोमेनच्या नोंदी) बदलला असेल तर त्या झोनच्या नावासकट रीलोड द्या, बाकी कशाला हात लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कॉन्फिगमध्ये एक अर्धविराम राहिला तर रीकॉन्फिग एरर देऊन थांबतं आणि सर्व्हर जुन्या कॉन्फिगवर चालू राहतो. रीस्टार्टमध्ये तोच अर्धविराम राहिला तर सर्व्हर उठतच नाही. घरी अडकलेल्या माणसाला यातलं काय परवडेल, ते तुम्हीच सांगा.

आणि एक तातडीचं. तुम्ही टाकलेल्या फाइलीत ‘सीक्रेट’ची ओळ तशीच होती. मी ती तुमच्या प्रतिक्रियेतून काढली आहे, पण मधल्या वेळात ती कोणी वाचली असेल हे धरूनच चाला. बाकीचं सावकाश करा, ती किल्ली मात्र हे वाचल्याबरोबर बदला. नंतरही अडलं तर कंट्रोल्सचा भाग इथे टाका, फक्त किल्ली खोडून.