‘नंतर बघू’वर सही

आमचा कट्टा म्हणजे गिरगावातल्या चाळीच्या तोंडाशी असलेल्या एका बंद छापखान्याची पायरी. शनिवारी जेवणं आटोपली की आम्ही चौघं तिथं टेकतो. परवा मास्तर आले ते एक नाव घेऊनच. शफीक अल-हूत.

“हा कोण आता?” तंबाखू मळता मळता पक्या म्हणाला. “अराफत ठाऊक आहे. इंदिराबाईंबरोबरचे फोटो बघितलेत.”

“अराफतच्या फोटोत मागे उभी असतात ना माणसं, त्यांतला,” मास्तर म्हणाले. “1964 साली पीएलओ, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटना, निघाली तेव्हाच्या संस्थापकांपैकी. तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं लेबनॉनमधला तिचा प्रतिनिधी. 1974 मध्ये अराफत संयुक्त राष्ट्रांत बोलायला गेला, त्या शिष्टमंडळातही होता. पेशा मूळचा पत्रकाराचा, बैरुतच्या ‘अल-हवादिस’ साप्ताहिकातला.”

जन्म जाफाचा, 1932. पॅलेस्टाईनमधलं समुद्रकाठचं शहर, संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेलं. 1948 च्या एप्रिलमध्ये ज्यू सशस्त्र गटांचे शहरावर हल्ले सुरू झाले आणि सोळा वर्षांचा शफीक घरच्यांबरोबर जहाजानं बैरुतला गेला. 70,000 च्या आसपास अरब वस्ती होती, मे महिन्यात शहर पडलं तेव्हा उरले चारेक हजार. हे सगळं मास्तर एका दमात बोलले आणि बोलता बोलता एक गोष्ट त्यांच्या तोंडून निसटली. हूतचे आजोबा मूळचे बैरुतचेच.

अप्पांनी ती हवेतच झेलली. “म्हणजे आपल्या मूळगावीच गेला की! मग निर्वासित कसला?”

मास्तर गप्प. पण पक्या खवळला. “अप्पा, तुमचे आजोबा संगमेश्वरहून गिरणीत आले ना? उद्या कुणी तुमची ट्रंक बाहेर फेकली आणि म्हणाला, जा तुमच्या मूळगावी, तर जाल?”

“तिथं आता माझं घर आहे कुठं?”

“मग?”

अप्पांनी विषय बदलला. ते बदलतातच. म्हणाले, पुढारी लोकांचं काय, संकट आलं की पहिलं विमान पकडतात. इथं मात्र मास्तरांना जोर चढला. 1982 साली इस्रायलनं बैरुतला वेढा घातला. ऑगस्टअखेर अराफत आणि त्याचे लढवय्ये जहाजांत बसून शहराबाहेर पडले. हूत पडला नाही, बायकोमुलांसह तिथंच राहिला. दोनेक आठवड्यांत सब्रा-शातिला झालं. लेबनॉनच्या फलांजिस्ट म्हणजे ख्रिस्ती सशस्त्र टोळ्या इस्रायली सैन्याच्या पहाऱ्यात पॅलेस्टिनी निर्वासितांच्या त्या वस्तीत शिरल्या आणि 16 ते 18 सप्टेंबर माणसं कापत राहिल्या.

“आणि ह्यानं काय केलं?” अप्पा.

“ह्याच्या बायकोनं केलं. बयान नुवैहिद अल-हूत, इतिहासकार. वाचलेल्यांना गाठून, त्यांच्याकडून ऐकून, मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावं लिहून घेत बसली. पुस्तक यायला वीस वर्षं लागली. आकडे हजारांत फेकले जात होते, बाईनं नावं दिली.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मला स्वतःला नवऱ्यापेक्षा ही बाईच मोठी वाटली, आणि मी तसं म्हटलंही. मास्तर म्हणाले, त्यावर वेगळा शनिवार घेऊ.

खरं भांडण पेटलं ते 1993 वरून. ऑगस्टमध्ये, इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ऑस्लो कराराच्या तोंडावर, हूतनं पीएलओच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. कवी महमूद दरवीशनंही दिला. 13 सप्टेंबरला व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर अराफत आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचं हस्तांदोलन झालं, तेव्हा हे दोघं बाहेर.

“हट्टीपणा,” पक्यानं निकाल दिला. “तीस वर्षं राबायचं आणि काहीतरी पदरात पडायच्या वेळी रुसून बसायचं. राजीनाम्यानं काय थांबलं? सही झालीच ना?”

“झाली. पण मसुदा काय होता बघ. पाच वर्षांचा अंतरिम काळ. निर्वासित, जेरुसलेम, इस्रायली वसाहती, सीमा, हे सगळं अंतिम टप्प्यावर ढकललेलं. ह्याची माणसं लेबनॉनच्या छावण्यांत. तिथं कित्येक धंदे त्यांना बंद. 1948 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी 194 नंबरचा ठराव केला, ज्यांना परत जाऊन शांततेनं राहायचंय त्यांना जाऊ द्यावं म्हणून. त्यांच्या हातात तेवढाच एक कागद. आणि त्यांच्याच नावानं होणाऱ्या करारात त्यांना सांगितलं, तुमचं नंतर बघू.”

“अहो, पण व्यवहार असाच होतो. आधी मिळेल ते घ्यावं.”

आता अप्पा हसायला लागले. “पक्या, आपल्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुझी एकट्याची का अडलीय रे?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“अप्पा, कार्पेट एरिया लिहिलेलाच नाही त्यात! बिल्डर म्हणतो आधी ट्रान्झिटमध्ये जा, एरियाचं नंतर ठरवू. मी काय खुळा...”

आणि तिथंच तो थांबला. मास्तरांनी एवढंच सांगितलं की हूत 2009 च्या ऑगस्टमध्ये बैरुतला वारला. पक्यानं मळलेली तंबाखू तशीच झटकली, चपला शोधल्या आणि म्हणाला, “दरवीशचं काही मराठीत आहे का हो?”