पाणमोट लवकर फुटली म्हणून सुनेला बोल लावू नका

चोपडा-यावलकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की सातव्या-आठव्या महिन्यात पाणी गेलं म्हणजे बाईने हंडा उचलला नाहीतर एसटीने फिरली, आणि कळा सुरू होईपर्यंत घरीच पडून राहायचं. दोन्ही गोष्टी चूक आहेत, दुसरी तर जिवावर बेतणारी.

३७ आठवड्यांच्या आधी पाणमोट फुटायचं एक मोठं कारण म्हणजे इन्फेक्शन. योनीमार्गातले बॅक्टेरिया वर सरकतात, तिथे सूज येते आणि पाणमोटीचा पडदा कमजोर होत जातो, बाईला कधीकधी काहीच जाणवत नाही. प्रत्येक वेळी इन्फेक्शनच असतं असंही नाही हां, जुळं असेल, आधीच्या बाळंतपणात असं झालं असेल, विडी-सिगारेट असेल तरी धोका वाढतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. मग त्या पोरीला कशाला दोष देता?

पाणी गेलं की बॅक्टेरियाला आत जायला वाट मोकळी होते, म्हणून कळा नसल्या तरी लगेच दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. पाणी आहे का लघवी हे कळत नसेल तरी जा. स्वच्छ पॅड लावा, पाण्याचा रंग बघून ठेवा. ताप, घाण वास, हिरवट पाणी, बाळाची हालचाल कमी, यातलं काही असेल तर अजिबात थांबू नका. तिथे अँटिबायोटिक देतात, दिवस कमी असतील तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शनही. मेडिकलवरून मनाने गोळ्या आणू नका, काही अँटिबायोटिक अशा वेळी बाळाला त्रास देतात.

लघवीला जळजळ, वास येणारं पांढरं जाणं हे लाजून लपवू नका गं बायांनो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, तिथे सांगा.