तीन वांग्यांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘गच्चीवरची भाजी, घरखर्चात बचत’ या माझ्या लेखावरची आपली दीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना बागेची वही उघडून बसले होते. आपले म्हणणे थोडक्यात असे, की लेख वाचून आपण आणि आपल्या पत्नीने चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीसाठी पाच हजार रुपयांच्या कुंड्या, माती आणि रोपे आणली आणि सहा महिन्यांत हाती आली ती तीन वांगी आणि मूठभर कोथिंबीर. खताच्या डब्याला वास सुटला, शेजाऱ्यांनी डासांची तक्रार केली, आणि शेवटी ‘बचत’ हा शब्द फसवा असून हा सगळा रिकामटेकड्यांचा छंद आहे, अशा मतावर आपण आलात. शिवाय गच्चीवर विटांचे वाफे करण्याचा माझा सल्ला धोक्याचा आहे, दुधीच्या फुलांविषयी मी चुकीचे लिहिले आहे आणि निंबोळी अर्क ही अंधश्रद्धा आहे, असेही आपण म्हटले आहे. यांतले बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, एक अजिबात मान्य नाही, आणि तीनच वांगी का आली याचे कारण आपणच प्रतिक्रियेत एका ओळीत लिहून गेला आहात. त्याकडे शेवटी येते.

आधी पैशांचे पाहू. मी गेल्या वर्षी जे जे तोडले ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिले. मेथी, पालक, वांगी, मिरच्या, टोमॅटो, घेवडा आणि चार दुधी मिळून बारा महिन्यांत ४६ किलो भाजी निघाली. मंडईचा सरसकट भाव किलोला ५० रुपये धरला, तर तिची किंमत २,३०० रुपये होते. खर्च झाला ३,९०० रुपये. त्यांपैकी २,६०० रुपये पिशव्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि झारी यांवर गेले, जे सामान तीन वर्षे तरी टिकावे. ते तीन वर्षांवर वाटले आणि बियाणे, निंबोळी पेंड वगैरेचे १,३०० रुपये त्यात मिळवले, तर वर्षाचा खर्च २,१६७ रुपये होतो. म्हणजे निव्वळ बचत १३३ रुपये. रोजची वीस मिनिटे धरली तर वर्षाचे सुमारे १२२ तास होतात, आणि माझी मजुरी ताशी १ रुपया १० पैशांच्या आत राहते. हा हिशेब मी लेख लिहिण्याआधी करायला हवा होता. ‘बचत’ हा शब्द मी शीर्षकातून काढला आहे, आणि तो वाचून ज्यांनी पैसे घातले त्यांत आपण होता, याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

वजनाच्या मुद्द्यावर तर आपण मला मोठ्या चुकीतून वाचवले आहे. गच्चीच्या कठड्यालगत विटा रचून फूटभर मातीचा वाफा करावा, असे मी लिहिले होते आणि खाली एका ओळखीच्या बंगल्यातील छायाचित्रही दिले होते. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड भरते. त्यामुळे फूटभर खोलीच्या वाफ्याचा भार दर चौरस मीटरला जवळजवळ ५०० किलो होतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी जो वापरभार धरला आहे, ज्याला इंजिनिअर मंडळी लाइव्ह लोड म्हणतात, तो दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो आहे. तिप्पटीहून अधिक भार आपण एका कोपऱ्यात कायमचा ठेवायचा, वर पावसाळ्यात तो पाण्याने फुगवायचा, आणि खाली कोणाची तरी झोपायची खोली असायची, ही गोष्ट मी किती सहज लिहून गेले होते! ते छायाचित्र आणि तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

माझ्या स्वतःच्या गच्चीवर वाफे नाहीत, पिशव्या आहेत. पण पिशव्या म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही आता म्हणवत नाही. आपली प्रतिक्रिया आल्यावर मी भरलेली, पाणी घातलेली वीस लिटरची एक पिशवी वजनकाट्यावर ठेवली. पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट आणि अगदी थोडी माती असे मिश्रण असूनही ती १७ किलो भरली. फूटभर व्यासाच्या अशा पिशव्या खेटून ठेवल्या तर चौरस मीटरमध्ये अकरा मावतात आणि त्यांचे वजन १८७ किलो होते, म्हणजे तेही मर्यादेबाहेरच. माझ्याकडे त्या कठड्याच्या कडेने एका रांगेत आहेत, मीटरभर लांबीत तीन किंवा चार, म्हणून निभावते. त्यांच्या खाली विटांचे तुकडे ठेवून मी पाण्याला वाट मोकळी सोडली आहे, कारण पाणी साचले की कोबा आधी भेगाळतो, मग त्या भेगेत पिंपळाचे रोप उगवते आणि मग वरच्या मजल्यावरच्यांची छते ओली होतात. इमारत जुनी असेल तर एकही पिशवी चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवावे, हे वाक्य लेखात आता पहिल्याच परिच्छेदात आले आहे.

आता खताचा वास. यात दोष आपला म्हणण्यापेक्षा माझ्या अर्धवट कृतीचा आहे. ‘ओला कचरा डब्यात टाकत जावा, तीन महिन्यांत खत होते’ एवढेच मी लिहिले होते. माझाही पहिला ड्रम असाच भरला होता; पंधरा दिवसांत तळाशी काळे पाणी साठले आणि जिन्यापर्यंत दरवळ गेला, तेव्हा सोसायटीने मला लेखी पत्र दिले होते, जे मी लेखात सोयीस्करपणे विसरले. कचऱ्यात पाणी फार आणि हवा कमी असली की तो कुजतो, आणि वास त्या कुजण्याचा असतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी असतो, वाळलेल्या पानांत त्याच्या उलट. खत नीट होण्यासाठी नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग असावे लागतात. घरात हे मोजत बसण्याची गरज नसते. एक वाटी कचऱ्यावर दोन वाट्या चुरलेली कोरडी पाने, असे प्रत्येक वेळी करावे आणि मूठभर मिश्रण पिळल्यावर जेमतेम एखादा थेंब यावा, इतकाच ओलावा ठेवावा. तेलकट भाजी, आमटी, मांसमच्छी यांतले काहीही डब्यात जाऊ देऊ नये.

पाने कोठून आणावीत, हा प्रश्न येतो. आमच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांची पाने बारीक असल्यामुळे लवकर मुरतात, आंब्याची मात्र वर्ष वर्ष तशीच राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ जोरात असताना मी बारा पोती भरून ठेवते आणि ती वर्षभर पुरतात. झाडणाऱ्या मावशी सुरुवातीला हसत. आता त्याच पाने न पेटवता बाजूला लोटून ठेवतात. डब्यात आपल्याला ज्या चपट्या, करड्या अळ्या दिसल्या आणि आपण डबा फेकून दिलात, त्या आपल्या वर्णनावरून काळ्या सैनिक माशीच्या असाव्यात. ही माशी घरातल्या अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा फार झपाट्याने संपवतात. किळस येणे स्वाभाविक आहे. मलाही येते, आणि म्हणून मी वरून पानांचा जाड थर देते.

डासांबाबत शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे आवडते ठिकाण आहे, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच उबतात; काथ्याने घासावेच लागते. मी ताटल्या काढूनच टाकल्या. गॅलरीत ते शक्य नसेल तर ताटलीत वाळू भरून ठेवावी.

दुधीच्या बाबतीत आपण केलेली दुरुस्ती शंभर टक्के बरोबर आहे. मादी फुलाला हाताने पराग लावण्याचे काम सकाळी करावे, असे मी लिहिले होते. ते लाल भोपळ्याचे खरे, कारण त्याची पिवळी फुले पहाटे उमलतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री उडणाऱ्या पतंगांची वाट पाहतात. सकाळी तेथे ब्रश घेऊन जाणे म्हणजे वरात गेल्यावर आंतरपाट धरण्यासारखे आहे. माझ्या वहीत नोंद संध्याकाळचीच होती, लिहिताना मी दोन वेलींची गल्लत केली.

निंबोळी अर्काबाबत मात्र मी मागे हटणार नाही. ५ टक्के निंबोळी अर्क ही कोणा आजीबाईची कल्पना नाही. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत तो आहे आणि शेतकरी तो वापरतात. पावसाच्या तोंडावर निंबोळ्या पिकून पडतात, त्या धुऊन वाळवून ठेवाव्यात. लागेल तेव्हा ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून पिळून गाळावा, एकूण पाणी एक लिटर करून किंचित साबण मिसळावा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. आपण ‘फवारल्यावर एकही किडा मेला नाही’ असे लिहिले आहे, आणि गैरसमज नेमका येथे आहे. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन या द्रव्याने किडीची खाण्याची इच्छा मंदावते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. ती जागच्या जागी उताणी पडत नाही. परिणाम आठवड्याने आणि दोन-तीन फवारण्यांनी दिसतो. हे द्रव्य उन्हात लवकर निकामी होते, त्यामुळे भर दुपारी फवारलेला किंवा आठ दिवस बाटलीत ठेवलेला अर्क वाया गेला तर त्यात कडुनिंबाचा दोष नाही. आपण सुचवलेले भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी माव्यावर आणि पिठ्या ढेकणावर चालते हे खरे, पण जरा जास्त झाले तर कोवळी पाने करपतात, आणि पाने कुरतडणाऱ्या अळीचे त्याने फारसे काही बिघडत नाही.

‘रिकामटेकड्यांचा छंद’ या शब्दाचा मला राग आला होता, हे कबूल करते. पण तो शब्द आपल्याला कशामुळे सुचला हे पाहायला मी माझा लेख पुन्हा उघडला आणि त्यात ‘वेळ नाही ही सबब आहे’ असे माझेच वाक्य सापडले. सकाळी साडेसातच्या बसला पळणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या बाईला हे सांगण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. माझी वीस मिनिटे निघतात कारण मी घरून काम करते आणि उन्हाळ्यात चार दिवस गावाला गेले तर सासूबाई पाणी घालतात. ते वाक्य मी खोडले आहे.

मग ताशी रुपयासाठी मी हे का करते, असे आपण विचाराल. भाजीखेरीज वहीत आणखी एक आकडा आहे. एक महिना मी घरातला ओला कचराही तोलला होता. चार माणसांचा तो २४ किलो भरला, म्हणजे दिवसाला ८०० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे २९० किलो. गेली काही वर्षे त्यातले उष्टे-खरकटे सोडून बाकी सगळे गच्चीवर जाते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात राहिला आणि तेथील ग्रामस्थांनी त्याविरुद्ध अनेकदा गाड्या अडवल्या, हे आपणही वाचले असेल. माझ्या एका ड्रमाने त्या ढिगाला काही फरक पडतो असा माझा दावा नाही. बचतीचा एक दावा नुकताच अंगाशी आला आहे. पण ४६ किलो भाजी आणि २९० किलो कचरा यांत मला जो आकडा खरा वाटतो, तो दुसरा आहे. आणि जुन्या पोत्यांच्या पिशव्या दाभण-सुतळीने शिवत बसण्यात मला सुख वाटते, हे कारण आपल्याला पुरेसे वाटणार नाही, पण ते आहे.

आता तीन वांगी. ‘गॅलरीत जेमतेम अडीच तास ऊन येते’ असे आपण ओझरते लिहिले आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, दुधी यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागते. माझ्या गच्चीवर ते दिवसभर असते आणि म्हणूनच लेखात उन्हाचा उल्लेख करणे मला सुचलेच नाही. अडीच तासांच्या उन्हात वांग्याने तीन फळे दिली, यात आपल्या पत्नीची मेहनतच दिसते. त्या कुंड्या टाकू नयेत. एकीत मंडईतल्या पुदिन्याच्या जुडीतील जाड काड्या, खालची पाने काढून, टोचाव्यात. एका रुंद कुंडीत अळूचे दोन कंद लावावेत, त्याला सावली चालते, फक्त पाणी तोडू नये. गजाला चढवायला मायाळूचा वेल लावावा. आणि सगळ्यांत आधी पानओवा लावावा. शेजारीपाजारी कोणाकडे तरी तो असतोच. वीतभर फांदी मागून आणावी, अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मग मातीत खोचावी. पहिले आठ दिवस पाणी अगदी बेताने घालावे, कारण पानओवा तहानेने क्वचितच मरतो, पण पाणी जास्त झाले की बुंध्यातून कुजतो.