सर्व्हेचे पैसे मिळतात, भरायचे नसतात

घरबसल्या सर्व्हे भरा आणि कमवा असं एका लेखात वाचलं ते ठीक, पण त्यातल्या त्यात बरे पैसे फोकस ग्रुपमध्ये, म्हणजे लोकांना एकत्र बसवून एखाद्या वस्तूबद्दल मतं विचारतात तिथे, मिळतात हे कुणी सांगत नाही. मी पुण्यात गेलेय अशा ग्रुपला, आठ-दहा बायका गोल बसवतात, चहा-बिस्किटं, दोन तास नुसतं कपडे धुवायच्या पावडरीबद्दल बोलायचं, पाकिटाचा निळा रंग आवडला का इथपर्यंत, आणि निघताना लिफाफा नाहीतर व्हाउचर. त्याआधी फोनवर विचारतात घरातलं मुख्य कमावतं माणूस किती शिकलंय, फ्रीज आहे का, गाडी आहे का, 2011 मध्ये आलेल्या पद्धतीत अशा 11 वस्तूंची यादी होती, त्यावरून आणि शिक्षणावरून घराचा ए1 ते ई3 असा गट ठरायचा. घरात कुणी जाहिरात कंपनीत असेल तर सहसा घेतच नाहीत.

ऑनलाइनवाले मात्र अर्धा सर्व्हे भरून घेऊन तुम्ही यात बसत नाही म्हणून बाहेर काढतात, एक पैसा न देता, हे मला अजिबात पटत नाही.

आणि टेलिग्रामवर रेटिंग द्या म्हणत आधी शे-दोनशे देतात मग पुढच्या टास्कसाठी पैसे भरायला लावतात तो सर्व्हे नव्हेच, कुणी अडकलं असेल तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.