‘बाटलीत काच’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या पांढऱ्या वाईनच्या तळाशी काचेचे तुकडे निघाले, काउंटरवर विचारलं तर ‘काही होत नाही’ एवढंच ऐकायला मिळालं, यंदाची वाईन पातळ लागली आणि सहकारी संस्थेची वाईन म्हणजे सगळ्यांचा बरावाईट माल एकाच टाकीत, असं तुम्ही लिहिलं आहे.

काउंटरवरच्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. बाटलीत काही चमकताना दिसलं की कुणीही घाबरेल. तेव्हा तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं.

ती बहुधा काच नाही. द्राक्षात मुळातच टार्टरिक आम्ल आणि पोटॅशियम असतं. त्यांचा क्षार थंडीत वाईनमध्ये विरघळून राहत नाही, जाड्या मिठासारखा तळाला किंवा बुचाला बसतो. भरणीआधी वाईन शून्याखाली चार अंशांपर्यंत थंड ठेवून हे खडे पाडून घेता येतात. या एका वाईनला आम्ही ते करत नाही. ती कमीत कमी हाताळावी असं आमच्या वाईनमेकरचं मत आहे आणि मला ते पटतं. पण मग लेबलवर तसं लिहायला हवं होतं. पुढच्या भरणीपासून लिहू. खात्री करायची तर खडे कपभर कडकडीत पाण्यात ढवळून बघा. क्षार विरघळतो, काच नाही. विरघळले नाहीत तर ती वाईन अजिबात पिऊ नका.

मालाबद्दलचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीतले मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघतो. भुरी (बुरशीचा रोग) किंवा कूज दिसली की क्रेट बाजूला. सभासदाला पैसे नुसत्या वजनावर मिळत नाहीत, गोडी आणि घड किती निरोगी आहेत यावर मिळतात. गेल्या हंगामात माझ्या सख्ख्या भावाचे क्रेट परत गेले. उतारावरच्या आणि सखल बागांचा माल वेगवेगळ्या टाक्यांत आंबतो, आणि काय कशात मिसळायचं ते चव घेतल्यावरच ठरतं.

वाईन पातळ लागली, हे खरं आहे. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, मण्यांनी पाणी ओढलं, गोडी उतरली. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून गोडीतला फरक लगेच जिभेला कळतो. वरून साखर घालून तो झाकायचा नाही, असं सभासदांनीच बैठकीत ठरवलं.

पावती नसली तरी चालेल, बाटली आहे तशी घेऊन या. आल्यावर मला बोलवायला सांगा.

– अध्यक्ष, द्राक्ष उत्पादक सहकारी संस्था