नुसतं ‘हिंसा’ लिहून काय कळतं?

आज एक क्राइम थ्रिलर लावला. कोपऱ्यात ‘१६+, हिंसा, अपशब्द’ असं उमटलं आणि वाचून होईपर्यंत गायब. पुढे जिन्यावर पट्ट्याने गळा आवळण्याचा प्रसंग. बाईचा श्वास थांबेपर्यंत कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्याच सिनेमात पोलीस चौकीत दोघांची झटापट होते, तीही ‘हिंसा’च! संताप येतो.

सिगारेट पेटली की आपल्याकडे ती विझेपर्यंत पडद्याखाली इशारा दिसत राहतो. म्हणजे जमतं. इथेच का हात आखडतो?

काय घडतं ते नेमकं लिहा ना. गळा आवळणं, बलात्कार, लहान मुलाला इजा, आत्महत्या, प्राण्याला मारणं. आणि ते कसं येतं तेही: डोळ्यांसमोर घडतं, दाराआडून ऐकू येतं, नंतरचं प्रेत दिसतं, की नुसता बोलण्यात उल्लेख आहे. ज्याच्या घरात असं काही घडून गेलंय, त्याला या चारांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याला सिनेमा बघायचाच असतो. तेवढी दोन मिनिटं खोलीबाहेर जाता आलं तरी पुरतं.

सूचनेची जागा माहितीच्या पानावर, प्ले दाबायच्या आधी. सुरुवातीच्या कोपऱ्यात टाकलेली सूचना ऑटोप्लेमध्ये हरवते, नाहीतर सबटायटलखाली झाकली जाते. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवर वयोगटासोबत आशयाचं वर्णन द्यावंच लागतं. पण एका शब्दावर भागतं, म्हणून बरेच जण एका शब्दावर भागवतात.

रहस्य फुटतं म्हणे. बरं, कबूल, काही वेळा फुटतं. मग तपशील बटणामागे ठेवा, हवा तो उघडेल. ‘गळा आवळून खून, पूर्ण दिसतो’ यात कोणाचा आणि कोणी, हे कुठे आलं? सूचना वाचून त्रास कमी होत नाही, उलट आधीची धाकधूक थोडी वाढते, असं अभ्यासांत दिसलंय, तेही मान्य. पण कधी उठायचं हे ठरवायला ती लागतेच.

आणि प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ती वेळ देणार असाल तर नीट द्या. संकलनात आवाज बरेचदा चित्राच्या आधी सुरू होतो. त्या जिन्यावरच्या प्रसंगात समोर अजून स्वयंपाकघर दिसत असतं आणि घुसमट ऐकू यायला लागलेली असते. चित्र बदलल्यापासून वेळ धरली तर माणूस नको तेच ऐकून बसतो. म्हणून आरंभ आवाजापासून धरा, वर दहा सेकंद आधीचे जोडा, शेवटही आवाज विरल्यावर. आवृत्तीही लिहा. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा टीव्हीसाठी २५ ने चालवला की १०० व्या मिनिटाचा प्रसंग ९६ व्यालाच येतो, आणि यादीवर भरवसा ठेवणारा नेमका त्यात सापडतो. डब केलेल्या आवृत्तीत सूचना त्याच भाषेत हवी, हे तर सांगायलाही नको होतं.

झगझगणाऱ्या दिव्यांच्या सूचनेची ओळ मात्र वेगळी ठेवा, बटणामागे नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट असला तर काहींना फिट येऊ शकते, आणि पाठलागाच्या दृश्यांत तो असू शकतो.